बालकथेला भारतीय घर देणारे शंकर

बहादुरशाह जफर मार्गावर वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांच्या रांगेत नेहरू हाऊस उभे आहे. दिल्लीकर मुलांना ही वास्तू ठाऊक असते ती देशोदेशींच्या बाहुल्यांच्या संग्रहालयामुळे. परंतु त्याच छताखाली चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट ही संस्था व तिचे स्वतःचे मुद्रणालयही आहे. संग्रहालय व संस्था दोन्ही उभारणारे गृहस्थ व्यवसायाने बालसाहित्यिक नव्हते. ते राजकीय व्यंगचित्रकार होते.

केशव शंकर पिळ्ळै यांचा जन्म ३१ जुलै १९०२ रोजी त्रावणकोर संस्थानातील कायमकुलम येथे झाला. वर्गात डुलकी घेणाऱ्या शिक्षकांचे चित्र हे त्यांचे पहिले व्यंगचित्र. मुख्याध्यापक संतापले, पण मामांनी मुलाच्या बोटांतली कला ओळखली. पदवीनंतर शंकर १९२७ मध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी मुंबईस आले. तो अभ्यास त्यांनी अर्धवट सोडला, नोकरी धरली आणि फ्री प्रेस जर्नल व बॉम्बे क्रॉनिकलमध्ये चित्रे देऊ लागले. याच फ्री प्रेसमध्ये पुढे आर. के. लक्ष्मण व बाळ ठाकरे यांच्या कुंचल्यांची उमेदवारी झाली. १९३२ मध्ये हिंदुस्थान टाइम्सचे व्यंगचित्रकार म्हणून शंकर दिल्लीस आले आणि दिल्लीकरच झाले.

१९४८ मध्ये त्यांनी शंकर्स वीकली हे साप्ताहिक काढले. प्रकाशन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. आपल्यालाही सवलत देऊ नये, असे नेहरूंनी त्यांना बजावले होते आणि शंकरांनी ते तंतोतंत पाळले. कुट्टी, ओ. व्ही. विजयन यांसारखे चित्रकार या साप्ताहिकाच्या आधाराने वाढले.

पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, त्यांनी मुलांसाठी चित्रांची व लेखनाची स्पर्धा सुरू केली. लवकरच तीत परदेशांतील मुलेही भाग घेऊ लागली. देशातली मुले एवढे काढतात, एवढे लिहितात; मग त्यांनी वाचायचे काय? तेव्हाची स्थिती अशी की, देखणे, रंगीत पुस्तक हवे असेल तर ते विलायतेहून येई. त्यातला बर्फ, त्यातली न्याहारी, त्यातले खोडकर भाऊबंद सारेच परके. आपल्याकडील पुस्तके बहुधा पंचतंत्र-पुराणांच्या पुनर्कथनांपाशी थांबत. पुराणकथांचे मोल कोणी नाकारणार नाही, परंतु आजच्या मुलाला आजच्या मुलाची गोष्टही हवी असते. १९५७ मध्ये शंकरांनी ट्रस्टची स्थापना केली ती या अभावावर उपाय म्हणून. भारतीय लेखक, भारतीय चित्रकार, उत्तम छपाई आणि सामान्य घरास परवडेल अशी किंमत, असा हा हिशेब होता. यांतील शेवटच्या दोन गोष्टींचा मेळ घालणे सर्वांत कठीण. इंद्रप्रस्थ प्रेस हे मुद्रणालय हाताशी असल्यामुळेच तो बहुतांशी साधला.

त्यांनी स्वतःही लिहिले, चित्रे काढली. ‘लाइफ विथ ग्रँडफादर’मध्ये केरळातील घर, आजोबा आणि राजा नावाच्या मुलाच्या उचापती आहेत. त्यातला मुलगा आदर्श नाही, हेच त्या पुस्तकाचे यश. १९६५ मध्ये बाहुली संग्रहालय उघडले. १९६८ मध्ये ‘चिल्ड्रन्स वर्ल्ड’ हे मासिक निघाले.

ट्रस्टची पुस्तके मुख्यतः इंग्रजीत व हिंदीत निघत. घरी मराठी बोलणाऱ्या दिल्लीच्या मुलाला ती शाळेत शिकलेल्या भाषेतून वाचावी लागली, ही उणीव खरीच. तरी त्या पानांतली आजी, रेल्वेगाडी, आंब्याचे झाड त्याच्या ओळखीचे होते.

१९७५ मध्ये, आणीबाणीच्या काळात, शंकर्स वीकली बंद झाले. निरोपाच्या लेखात शंकरांनी हुकूमशाही आणि हास्य यांचे जमत नाही, असे स्पष्ट लिहिले. सत्तावीस वर्षांचे काम संपले, तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. अशा वयात माणूस सहसा निवृत्त होतो. शंकरांनी उरलेला सारा वेळ मुलांच्या पुस्तकांना दिला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात ट्रस्टने बालसाहित्याच्या लेखकांसाठीही स्पर्धा सुरू केली. अप्रकाशित, स्वतंत्र हस्तलिखिते मागवायची, निवडलेली पुस्तकरूपाने छापायची, अशी तिची रीत. प्रकाशकाचे दार ठाऊक नसलेल्या लेखकांना त्यामुळे वाट मिळाली.

१९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पुढच्या वर्षी पोलंडमधील मुलांनी निवडून दिलेला ‘ऑर्डर ऑफ द स्माइल’ हा सन्मान आला. २६ डिसेंबर १९८९ रोजी शंकर निवर्तले. मुलांची स्पर्धा त्यांच्या नावाने पुढेही चालू राहिली.