जकातनाक्यापलीकडचा गोमंतक : भाऊसाहेब बांदोडकर

नकाशावर सीमा ही केवळ एक रेघ असते. परंतु सामान्य माणसाला तिची खरी ओळख पटते ती जकातनाक्यावर, आपली ट्रंक उघडून दाखविताना. गोमंतकाचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बाळकृष्ण ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांचे जीवन अशाच एका सीमेच्या सावलीत घडले.

त्यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. पेडण्याला लागून सावंतवाडीचा मुलूख. दोहोंकडे सोयरीक एक, देवदैवते एक; मात्र मध्ये दोन सत्तांची नाकी उभी. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने हा अडसर काही काळ दूर झाला होता. वर्षाला चार लाख रुपयांच्या मोबदल्यात गोव्याच्या मिठाचे नियंत्रण इंग्रजांकडे गेले आणि दोन्ही मुलखांची जकात एक झाली. १८९२ मध्ये तह संपला व नाकी परतली. पुढे आगगाडीच्या उतारूंची झडती कॅसलरॉकला एक सरकार घेई, तर कुळ्याला दुसरे.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवी येथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यानंतर भारताने गोव्याची आर्थिक कोंडी अधिक कडक केली, आगगाडीही थांबली. परंतु परिणाम विपरीत झाला. मुरगाव बंदरातून लोहखनिज जपानला व युरोपला जाऊ लागले आणि परदेशी मालाने गोव्याची दुकाने भरली. भारताकडे पाठ फिरवून चालणारी एक वेगळीच अर्थव्यवस्था उभी राहिली. तिच्यात ज्यांचा उत्कर्ष झाला, त्या खाणमालकांपैकी भाऊसाहेब एक होत. मिळविलेले धन त्यांनी मुक्तहस्ते दानधर्मातही घातले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि जकातीची भिंत कोसळली. गोव्याने आता महाराष्ट्रात मिसळावे, अशी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची भूमिका होती. ज्यांचे वैभव वेगळ्या व्यापारावर उभे, तेच भाऊसाहेब या पक्षाचे अग्रणी झाले, हे विशेष. बहुजन कुळे व कष्टकरी त्यांच्यामागे उभे राहिले. २० डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले. गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि १९६४ मध्ये कूळ कायदा झाला.

विलीनीकरणाचा निर्णय जनमत कौलाने व्हावयाचा ठरला. कौल निःपक्ष व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये त्यांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले. विलीनीकरणास फूल व संघप्रदेशास दोन पाने, अशी चिन्हे होती. कोकणीचे भवितव्य, महाराष्ट्रातील दारूबंदी, नोकऱ्या आणि दूरच्या मुंबईचा कारभार यांची धास्ती अनेकांना वाटे. १६ जानेवारी १९६७ रोजी फुलास १,३८,१७० आणि दोन पानांस १,७२,१९१ मते पडली. जकात उठली तरी वेगळेपणाची भावना उठली नव्हती.

भाऊसाहेबांच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा पराभव होय. तथापि त्यांनी तो कौल मानला. काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा सत्तेवर बसविले. विलीनीकरण नाकारूनही जनतेने माणूस नाकारला नव्हता. १२ ऑगस्ट १९७३ रोजी निधन होईपर्यंत, जो संघप्रदेश त्यांना नको होता, त्याचाच कारभार त्यांनी पाहिला. १९८७ मध्ये गोवा स्वतंत्र राज्य झाले. महाराष्ट्राबाहेर राहूनही तेथे मराठी शाळा, वृत्तपत्रे व नाटक टिकून आहेत.

आम्हां जबलपूरकरांना हे चरित्र परके वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपुरासह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. गोमंतकीयांना विचारले गेले, तसे आम्हांस कोणी विचारले नाही. नागपूरच्या वाटेवरची करनाकी २०१७ मध्ये वस्तू व सेवा करानंतर उठली. प्रांताची सीमा मात्र कायम आहे, आणि ती राहील. तिच्या अलीकडे मराठी जपावयाची ती आपल्या घरात, आपल्या मुलांच्या तोंडी. मंडळाने पन्नास वर्षे हेच केले. पुढील पन्नास वर्षांचे काम आता आपल्या मुलांकडे सोपवावयाचे आहे.