दस्तयेव्हस्की : वार्ता आणि कादंबरी

फ्योदोर दस्तयेव्हस्की (१८२१–१८८१) याच्यासंबंधी ‘द्रष्टा’ हे विशेषण फार सहजी वापरले जाते. त्याचे चरित्र पाहता ते तपासून घेणे अगत्याचे ठरते.

मॉस्कोतील एका डॉक्टराचा हा मुलगा. सैनिकी अभियांत्रिकीचे शिक्षण, १८४६ मध्ये पहिल्या कादंबरीने मिळालेली कीर्ती, आणि १८४९ मध्ये पेत्राशेव्स्की मंडळाशी असलेल्या संबंधापायी मृत्युदंड. शिक्षा ऐन वधस्थानी बदलली गेली व ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षांची सक्तमजुरी वाट्याला आली. खुनी माणूस त्याने पाहिला तो येथे, शेजारच्या फळीवर झोपणारा.

१८६४ मध्ये पत्नी व थोरला बंधू दोघेही निवर्तले. कर्जाचा डोंगर उरला. १८६५ मध्ये वीसबाडेन येथे जुगारात सर्वस्व गमावल्यावर ‘रूस्की व्हेस्त्निक’च्या संपादकास त्याने नव्या कथेची रूपरेषा कळविली. कथानक विक्षिप्त वाटू नये म्हणून टपालवाल्याच्या खुनाचा बेत करणाऱ्या एका निष्कासित विद्यार्थ्याची हकिकत त्याने त्याच पत्रात नमूद केली, ही बाब येथे महत्त्वाची आहे. म्हणजे वार्ता आधी होतीच.

‘गुन्हा आणि शिक्षा’चा पहिला भाग जानेवारी १८६६ च्या अंकात आला. तो वाचकांच्या हाती पडण्यापूर्वीच मॉस्कोत दानिलोव्ह नावाच्या विद्यार्थ्याने एका सावकाराचा व त्याच्या मोलकरणीचा खून केला. कादंबरीतही बळी दोन, आणि मारेकरी विद्यार्थीच. विद्यार्थिवर्गाची बदनामी केल्याचा आरोप जहाल गटाच्या समीक्षकांनी लेखकावर केला, तेव्हा त्याला परस्पर उत्तर देणारी ही घटना होती. पुढे १८६८ मधील एका पत्रात दस्तयेव्हस्कीने आपल्या वास्तववादाचा पुरावा म्हणून अशा भाकिताचा अभिमानाने उल्लेख केला. दोन प्रेतांच्या साक्षीवर उभा राहिलेला हा अभिमान प्रस्तुत लेखकास अस्वस्थ करतो. शिवाय त्यात भाकीत कितपत होते? एका विचारसरणीची परिणती त्याने वृत्तपत्रांतून व तुरुंगातून वाचली होती. दानिलोव्ह तिचाच उपासक होता असे मात्र यावरून सिद्ध होत नाही.

‘भुते’ (१८७१–७२) या कादंबरीत क्रम उघडच उलटा आहे : नेचायेव्हच्या गटाने १८६९ मध्ये केलेला खून आधी, कादंबरी नंतर.

१८७६ मध्ये तर तो वार्तेतच उतरला. सावत्र मुलीला खिडकीतून फेकणाऱ्या (मूल वाचले होते) कोर्निलोव्हा या गर्भवती स्त्रीस शिक्षा झाल्याचे वाचून त्याने आपल्या ‘लेखकाची रोजनिशी’मधून तिच्या मनःस्थितीचा प्रश्न लावून धरला, तुरुंगात जाऊन तिची भेट घेतली. एप्रिल १८७७ मधील फेरसुनावणीत ती निर्दोष सुटली.