राजघाटावरचा मध्यस्थ : नागा टेकड्या, बांगलादेश आणि जयप्रकाश नारायण

वाराणसी, ८ ऑक्टोबर : नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात गंगाकाठी बांधलेला भोसले घाट आजही आपल्या उंच दगडी वास्तूमुळे आणि लक्ष्मीनारायणाच्या मंदिरामुळे दुरून ओळखू येतो. तेथून प्रवाहाच्या दिशेने पुढे गेले की पंचगंगा घाट मागे पडतो आणि शेवटी मालवीय पुलाजवळ राजघाट लागतो. विदर्भाचे काशीशी असलेले नाते विसाव्या शतकात याच टोकाला नव्याने जुळले. सेवाग्राम येथे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या सर्व सेवा संघाने राजघाटावर आपले केंद्र उभारले. तेथेच जयप्रकाश नारायण यांनी साठच्या दशकाच्या आरंभी गांधी विद्या संस्थान सुरू केले. आज लोकनायकांची पुण्यतिथी. बिहार आंदोलन आणि आणीबाणी यांच्या झगझगाटात त्यांचा मध्यस्थाचा काळ काहीसा झाकोळला आहे.

सिताबदियारा येथे ११ ऑक्टोबर १९०२ रोजी जन्मलेल्या जयप्रकाशांचे उच्च शिक्षण अमेरिकेत झाले. १९३२ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अच्युत पटवर्धन आदी तरुणांच्या सहवासात काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकारास आली. १९४२ मध्ये दिवाळीच्या रात्री ते हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून निसटले. पुढे सत्तेच्या राजकारणावरील त्यांची श्रद्धा उडाली आणि १९५४ मध्ये बोधगया येथे त्यांनी विनोबांच्या कार्याला जीवनदान केले.

विनोबांच्या शांतिसेनेची कल्पना जयप्रकाशांनी देशाच्या सीमेपलीकडे नेली. बैरूतजवळ ब्रुमाना येथे १९६२ च्या प्रारंभी जागतिक शांतिसेनेची स्थापना झाली. तिच्या धुरीणांत त्यांच्यासमवेत अमेरिकेचे ए. जे. मस्टी आणि ब्रिटिश धर्मोपदेशक मायकेल स्कॉट होते. १९६३ मध्ये निघालेल्या दिल्ली-पेकिंग मैत्रीयात्रेचे नेतृत्व महाराष्ट्राचे शंकरराव देव यांनी केले. चीनने प्रवेश नाकारल्याने ती यात्रा आसामच्या पुढे जाऊ शकली नाही. मात्र स्कॉट यांच्याशी जुळलेला स्नेह लवकरच कामी आला.

नागा टेकड्यांत पन्नाशीच्या दशकापासून सशस्त्र संघर्ष पेटला होता. स्वतंत्र नागा राष्ट्राची मागणी करणारे फिझो १९६० मध्ये स्कॉट यांच्या साह्याने लंडनला पोहोचले होते. लष्करी मोहिमा आणि बंडखोरांचे हल्ले यांच्या कात्रीत गावेच्या गावे विस्थापित झाली होती. १९६४ च्या आरंभी नागालँडच्या बाप्टिस्ट चर्च परिषदेने शांतता मंडळाचा प्रस्ताव मांडला. आसामचे मुख्यमंत्री विमलाप्रसाद चलिहा, स्कॉट आणि जयप्रकाश असे हे त्रिसदस्य मंडळ होते. एक सत्तेतील, एक परदेशी आणि एक कोणत्याही पदावर नसलेला, अशी ही रचना दोन्ही पक्षांच्या संशयाचा विचार करूनच झाली असावी.

६ सप्टेंबर १९६४ रोजी शस्त्रसंधी अमलात आली. जंगलात आसरा घेतलेल्या कुटुंबांना आपल्या शेतांकडे परतता आले, आणि या मंडळाची खरी कमाई हीच म्हणावी लागेल. कोहिमाजवळ चेदेमा येथे वाटाघाटी सुरू झाल्या. नागांनी स्वेच्छेने भारतीय संघराज्यात सहभागी व्हावे आणि केंद्राने त्या संबंधांचे स्वरूप त्यांच्या आकांक्षांनुसार जुळवून घ्यावे, असा मार्ग मंडळाने डिसेंबरमध्ये सुचवला. जयप्रकाशांना फुटून निघणे मान्य नव्हते. पण बळाने लादलेली एकताही मान्य नव्हती. त्यामुळे दिल्लीत त्यांच्यावर देशद्रोहाचा शिक्का बसला, तर भूमिगत नेत्यांना ते सरकारचेच माणूस वाटू लागले. आपल्यावरचा विश्वास उरला नाही हे दिसताच १९६६ च्या प्रारंभी ते मंडळातून बाजूला झाले. त्याच वर्षी आसामात रेल्वेगाड्यांत स्फोट झाले, चलिहांनीही पद सोडले आणि स्कॉट यांना भारताबाहेर पाठवण्यात आले. शस्त्रसंधी मात्र वारंवार वाढवली जाऊन १९७२ पर्यंत तग धरून राहिली.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानचा प्रश्न समोर आला तेव्हा हाच गृहस्थ वेगळ्या बाजूला उभा होता. २५ मार्चच्या लष्करी कारवाईनंतर सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. आठशेहून अधिक छावण्या उभ्या राहिल्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्यांत पटकीची साथ पसरली. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांनी मदतीच्या समन्वयाचे काम प्रिन्स सदरुद्दीन आगा खान यांच्या निर्वासित उच्चायोगाकडे सोपवले. न्यूयॉर्कमध्ये १ ऑगस्टला काशीतच जन्मलेले पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी निर्वासितांसाठी मैफल भरवली. अन्न आणि औषधे येत होती; परंतु माणसांना घरी परत जाता येईल असा राजकीय तोडगा कोणी काढत नव्हते.

बांगलादेशाला विनाविलंब मान्यता द्यावी, असा जयप्रकाशांचा आग्रह होता. मे-जूनमध्ये सत्तरीकडे झुकलेल्या या माणसाने कैरो, मॉस्को, लंडन, वॉशिंग्टन, टोकियो, जकार्ता असा जगाचा फेरा केला. सहानुभूती भरपूर मिळाली, पण इस्लामाबादवर दबाव आणण्यास वॉशिंग्टन तयार झाले नाही. सप्टेंबरमध्ये त्यांच्या पुढाकाराने दिल्लीत बांगलादेशविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. नागालँडमध्ये संघराज्याचा आग्रह धरणाऱ्याने येथे विभक्त होण्याचा पक्ष घ्यावा, हे टीकाकारांना विसंगत वाटले. तथापि पूर्व बंगालच्या जनतेने निवडणुकीत कौल दिला होता आणि त्याला रणगाड्यांनी उत्तर मिळाले होते. जयप्रकाशांच्या लेखी नकाशावरील रेषेपेक्षा त्या कौलाचे वजन अधिक होते.

११ नोव्हेंबर १९७५ रोजी केंद्र सरकार आणि भूमिगत नागांचे प्रतिनिधी यांच्यात शिलाँग करार झाला. अकरा वर्षांपूर्वीच्या शस्त्रसंधीचा हा शिल्पकार त्या दिवशी आणीबाणीतील स्थानबद्ध म्हणून चंदीगडमध्ये होता. मूत्रपिंडे निकामी झाल्याने दुसऱ्या दिवशी त्यांची सुटका करण्यात आली. त्यानंतरचे आयुष्य डायलिसिसच्या आधारावर गेले, आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले.