जुना डबा, गंजके नटबोल्ट आणि मेकॅनोवाला फ्रँक हॉर्नबी

लहानपणी मिळालेली रिमोटची कार आठवते का? पहिल्या आठवड्यात धूम, मग एक दिवस चाकच फिरेना. उघडून बघावं तर आत एक छोटं सर्किट आणि चिकटवलेलं प्लॅस्टिक. दुकानदार सांगणार, नवीन घ्या. विषय संपला.

माझ्याकडे मात्र एक खेळणं आहे, जे माझ्याकडे आलं तेव्हाच वापरून जुनं झालेलं होतं. आम्ही नवापूरचे. तेच नवापूर, जिथे रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. आमच्या तालुक्यात नाताळ मोठा सण. बाहेरगावी कामाला गेलेली माणसं त्या आठवड्यात घरी येतात. २००४ च्या नाताळला मामा सुरतहून आले आणि त्यांनी माझ्या हातात एक पत्र्याचा डबा ठेवला. जुन्या बाजारातून आणलेला. आत लाल-हिरव्या भोकाभोकांच्या पट्ट्या, पितळी चाकं आणि मूठभर नटबोल्ट. मेकॅनो!

मी त्यातून क्रेन केली, पूल केला, बैलगाडी केली. मग कॉलेज, नोकरी. डबा माळ्यावर गेला आणि सात-आठ पावसाळ्यांनी आपलं काम केलं. मामाही आता नाहीत. या वर्षी भाची आठ वर्षांची झाली, तेव्हा मी तो डबा खाली काढला आणि नाताळच्या आत दुरुस्त करायचा असं ठरवलं.

तो कसा दुरुस्त झाला ते शेवटी सांगतो. पण मुळात तो दुरुस्त होऊ शकला, याचं कारण सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने घेतलेला एक निर्णय आहे. आज त्याचीच गोष्ट.

हिशेब लिहिणारा माणूस

फ्रँक हॉर्नबीचा जन्म १५ मे १८६३ चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या बंदराच्या शहरात. वडील किराणा मालाचे व्यापारी. फ्रँकने सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि वडिलांच्याच धंद्यात कॅशियर म्हणून बसला. इंजिनिअरिंगची डिग्री वगैरे काही नाही. १८८७ मध्ये लग्न झालं. बायको क्लारा शाळेत शिक्षिका. पुढे रोलंड आणि डग्लस हे दोन मुलगे आणि पॅट्रिशिया ही मुलगी.

१८९९ मध्ये वडील वारले आणि धंदा बंद झाला. मग फ्रँकने डेव्हिड एलियट नावाच्या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीसाची नोकरी धरली. वय ३६. दिवसभर खतावण्या लिहायच्या आणि संध्याकाळी घरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मुलांसाठी पत्रा कापून खेळणी बनवायची, असा त्याचा दिनक्रम होता. पूल, ट्रक, क्रेन. आपल्याकडचे वडीलही फावल्या वेळात मुलांना पत्र्याची गाडी करून देतातच की!

पण त्याला एक अडचण खुपत होती. क्रेनसाठी कापलेला तुकडा पुलाला बसायचा नाही. प्रत्येक खेळण्यासाठी सगळं पहिल्यापासून कापायचं. मुलांचा कंटाळा आला की ते खेळणं भंगारात.

अर्ध्या इंचाचा नियम

इथे त्याच्या डोक्यात ती आयडिया आली. खेळणं बनवायचंच नाही, सुटे भाग बनवायचे. आणि कुठलाही भाग कुठल्याही भागाला जोडता आला पाहिजे.

यासाठी त्याने एक साधा नियम धरला. पट्टी अर्धा इंच रुंद आणि भोकंही बरोबर अर्ध्या-अर्ध्या इंचावर. म्हणजे आपल्या मापात १२.७ मिमी. साडेपाच इंची पट्टीला ११ भोकं, साडेबारा इंची पट्टीला २५. कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीवर ठेवा, भोकावर भोक येणारच.

आता यातली खरी गंमत बघा. तेच भोक दोन कामं करतं. त्यात बोल्ट घातला तर सांधा तयार होतो, आणि सळई घातली तर फिरणाऱ्या चाकाचं बेअरिंग. म्हणजे उभा सांगाडा आणि फिरणारं यंत्र, दोन्ही एकाच पट्टीतून.

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग सांगतो. ४, ५ आणि ६ भोकांच्या तीन पट्ट्या घ्या आणि टोकाला टोक जोडून त्रिकोण करा. पहिल्या ते शेवटच्या भोकापर्यंत अनुक्रमे ३, ४ आणि ५ अंतरं होतात. ३-४-५ म्हणजे पायथागोरस, म्हणजे पक्का काटकोन, गुण्या न लावता! शाळेत पाठ केलेलं प्रमेय मला खरं समजलं ते या डब्यामुळे.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला इंटरफेस म्हणतो. आत काय आहे याच्याशी घेणंदेणं नाही, जोडायची जागा ठरलेली असली की झालं. तुमच्या फोनचा यूएसबी-सी पोर्ट हेच करतो. फोन एका कंपनीचा, चार्जर दुसऱ्या कंपनीचा, तरी चालतं. हॉर्नबीने हे पत्र्याच्या पट्टीत करून दाखवलं.

पाच पौंडांची उधारी

आयडिया होती, पण पेटंटसाठी पैसे नव्हते. त्याने मालकाकडे, म्हणजे एलियटकडे, ५ पौंड उसने मागितले. एलियटने ते दिले आणि शेजारची रिकामी खोलीही वापरायला दिली. पुढे दोघांनी भागीदारी केली. जानेवारी १९०१ मध्ये पेटंटचा अर्ज गेला. अर्जाचा विषय होता, मुलांसाठीच्या खेळण्यांमध्ये आणि शैक्षणिक साधनांमध्ये सुधारणा.

१९०२ मध्ये डबा विक्रीला आला. नाव होतं मेकॅनिक्स मेड ईझी, म्हणजे यंत्रशास्त्र सोपं करून. आत फक्त १६ प्रकारचे भाग आणि १२ मॉडेलं दाखवणारा कागद. किंमत साडेसात शिलिंग. लिव्हरपूल विद्यापीठातले इंजिनिअरिंगचे प्राध्यापक हेली-शॉ यांनी त्याची शिफारस केली. तरी डबा उचलला जाईना. १९०३ मध्ये दीड हजार सेट विकले गेले, पण नफा शून्य.

विचार करा, पदरात तीन मुलं, दिवसाची नोकरी चालू आणि धंद्यात चार वर्षं एक पैसा सुटत नाही. आजचा स्टार्टअप असता तर एव्हाना बंद पडला असता. हॉर्नबी दरवर्षी नवे भाग आणत राहिला. पण त्याने अर्ध्या इंचाचा नियम मात्र मोडला नाही. नवा भाग जुन्या डब्यातल्या पट्टीला बसलाच पाहिजे. १९०६ मध्ये पहिल्यांदा थोडासा नफा झाला.

मेकॅनो आणि मोठा कारखाना

१९०७ मध्ये मागणी इतकी वाढली की बाहेरून भाग करून देणारे पुरे पडेनात. हॉर्नबीने नोकरी सोडली, ड्यूक स्ट्रीटवर जागा भाड्याने घेतली आणि स्वतःच भाग बनवायला लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेकॅनो हे नाव ट्रेडमार्क केलं. १९०८ मध्ये मेकॅनो लिमिटेड कंपनी झाली, पण एलियट तिच्यात आला नाही. ज्याच्या ५ पौंडांवर गाडी सुरू झाली, तो नेमका स्टेशन यायच्या आधी उतरला.

१९१४ मध्ये लिव्हरपूलच्याच बिन्स रोडवर पाच एकरांचा कारखाना उभा राहिला. १९१६ मध्ये मेकॅनो मॅगझिन निघालं. १९२० मध्ये हॉर्नबी ट्रेन आली आणि १९२६ पासून पट्ट्यांना लाल-हिरवा रंग मिळाला. माझ्या डब्यातला तोच. १९३४ मध्ये छोट्या मोटारगाड्यांना डिंकी टॉइज हे नाव मिळालं. मधल्या काळात, १९३१ ते १९३५, हिशेब लिहिणारा हा माणूस ब्रिटिश पार्लमेंटमध्ये खासदारही होता. २१ सप्टेंबर १९३६ ला तो वारला.

खेळण्यातून कॉम्प्युटर

हॉर्नबी हयात असतानाच त्याच्या पट्ट्यांनी एक भलतंच काम केलं. अमेरिकेत एमआयटीमध्ये व्हॅनेवर बुश यांनी डिफरन्शियल ॲनालायझर बनवला होता. अवघड समीकरणं फिरत्या चाकांनी आणि दांड्यांनी सोडवणारं ते यंत्र, म्हणजे एक ॲनालॉग कॉम्प्युटर. मँचेस्टरचे डग्लस हार्ट्री यांनी ते पाहिलं. १९३४ मध्ये त्यांनी आणि आर्थर पोर्टर या विद्यार्थ्याने त्याचं छोटं रूप बनवलं आणि त्यातले बहुतेक भाग मेकॅनोचे होते! खर्च साधारण २० पौंड. त्यावर अणूच्या रचनेची खरीखुरी गणितं झाली. कोणी केलेली वस्तू कोणत्या कामाला लागेल, हे करणाऱ्यालाही माहीत नसतं. त्याने फक्त जोडायची जागा उघडी ठेवायची.

दुसरी बाजूही बघू

सगळंच गोड नव्हतं. मेकॅनो महाग होतं, सामान्य कामगाराच्या पोराच्या आवाक्याबाहेरचं. सेटही असे रचलेले की पुढचा सेट घ्यावासा वाटावा. आणि मला सगळ्यात खटकतं ते हे, की डब्यावर आणि जाहिरातीत फक्त मुलगे. बिन्स रोडच्या कारखान्यात भाग बनवणाऱ्यांत बायकाच जास्त, पण मुलींनी खेळावं असं जाहिरातींना वाटलं नाही.

महागाईवर उत्तर आपल्याकडेच सापडलं. पुण्यात टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला गावच्या शाळांमधल्या विज्ञान कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी काडीपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून असाच खेळ केला. पट्टीच्या जागी काडी, नटबोल्टच्या जागी रबर. तत्त्व तेच आणि खर्च जवळजवळ नाही.

डबा परत कसा जमला

आता माझा डबा. कोणाकडे असलं काही पडून असेल तर उपयोग होईल.

रंगवलेल्या पट्ट्या साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुतल्या, लगेच पुसल्या आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवला. रंगाला व्हिनेगर लावू नका, तो सुटतो. पितळी चाकं चिंचेने घासली. गंजलेले बोल्ट रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले, सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवले. वाकलेल्या पट्ट्या दोन लाकडी फळ्यांमध्ये धरून हातोडीने सरळ केल्या.

हरवलेल्या बोल्टांचा प्रश्न होता. मूळ बोल्ट ५/३२ इंची, म्हणजे साधारण ३.९७ मिमी जाडीचा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो एम-४, म्हणजे ४ मिमी. भोकातून दोन्ही जातात, पण आटे वेगळे. जुन्यात इंचाला ३२ आटे, म्हणजे एका आट्याला ०.७९ मिमी, तर एम-४ मध्ये ०.७ मिमी. जुना नट नव्या बोल्टवर जबरदस्तीने फिरवला तर दोन्ही खराब होतात. म्हणून नवा बोल्ट, नवा नट, अशी जोडीच घ्या. चाकाच्या पितळी बुंध्यातला बारीक स्क्रू मात्र जुन्याच आट्यांचा लागतो, ते मी फुटक्या चाकांतून काढले. दोन सळया हरवल्या होत्या. वेल्डिंगवाल्याने ४ मिमीच्या सळईतून कापून दिल्या.

बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्येच बंद पडला. ज्या कंपनीने माझा डबा बनवला तिचं सर्व्हिस सेंटर नाही, हेल्पलाइन नाही. तरी नवापूरच्या बाजारातल्या नटबोल्टांवर तिचं खेळणं उभं राहतं. आणि चार वर्षांपूर्वीचा माझा फोन बॅटरी चिकटवलेली म्हणून ड्रॉवरमध्ये मेलेला पडलाय. पुढच्या वेळी काही विकत घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेल एवढंच विचारू नका. हे उघडता येतं का आणि याचे भाग मिळतात का, हेही विचारा.

नाताळच्या सकाळी मी डबा भाचीच्या हातात दिला. तिने झाकण उघडलं, ११ भोकांची पट्टी उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि विचारलं, मामा, याचं काय करायचं? मी तिला तेच सांगितलं, जे २००४ मध्ये माझ्या मामांनी मला सांगितलं होतं. तुला पाहिजे ते.

संध्याकाळपर्यंत तिने क्रेन उभी केली होती. थोडी वाकडी होती, पण बादली वर उचलत होती.