पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर : रूपाहून थोर विद्या

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी, माणकोजी शिंदे पाटील यांच्या घरी १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म झाला. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नव्हती, त्या काळी माणकोजींनी कन्येस लिहावयास-वाचावयास शिकविले. रूपाने त्या सामान्य होत्या. वर्ण सावळा, बांधा मध्यम व कृश. सुभेदार मल्हारराव होळकरांनी मात्र सुनेची पारख केली ती बुद्धीवरून व शीलावरून. मोहिमेवर असता दौलतीची व तोफखान्याच्या सिद्धतेची कामे ते विश्वासाने तिच्यावर सोपवीत.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव धारातीर्थी पडले. सती जावयास निघालेल्या अहिल्याबाईंना मल्हाररावांनी परावृत्त केले. १७६६ साली मल्हारराव व १७६७ साली पुत्र मालेराव निवर्तल्यावर राज्याची धुरा त्यांच्याकडे आली. महेश्वरी राहून त्यांनी सुमारे अठ्ठावीस वर्षे कारभार पाहिला. प्रातःकाळी पूजा, पुराणश्रवण व दानधर्म करून त्या दुपारी दरबारात बसत आणि पडदा न पाळता रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकत. काशीविश्वेश्वराचे मंदिर १७८० साली व सोमनाथाचे १७८३ साली त्यांनी उभारविले.

राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई रूपवती होत्या. अहिल्याबाईंची कीर्ती असह्य होऊन त्यांनी एका स्त्रीस त्यांचे रूप पाहावयास धाडले, अशी आख्यायिका माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदविली आहे. परत आलेल्या स्त्रीने सांगितले की, मुखावर सौंदर्य नाही, परंतु दिव्य तेज आहे. सौंदर्य नाही एवढ्यावरच आनंदीबाईंनी समाधान मानले! स्वतः अहिल्याबाईंना स्तुतीचीही हौस नव्हती. एका ब्राह्मणाने रचलेला आपला स्तुतिग्रंथ त्यांनी शांतपणे ऐकून घेतला व नर्मदेत सोडावयास लावला.

तथापि रूढीपुढे त्यांचेही चालले नाही. १७९१ साली जामात यशवंतराव फणसे वारले, तेव्हा कन्या मुक्ताबाई सती जावयास निघाली. मातेने परोपरीने विनविले, परंतु कन्येने ऐकले नाही. त्या दुःखाने अहिल्याबाई खचल्या आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांचा अंत झाला.

सासऱ्याच्या शब्दाने वाचलेल्या एका सुशिक्षित स्त्रीने राज्य सावरले, देवालये उभारली. काशी-सोमनाथाच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांनी कळसास हात जोडताना चौंडीच्या पाटलाने लेकीकडून गिरवून घेतलेल्या अक्षरांचेही स्मरण ठेवावे.