कलावंताचे ऋण

थोर कलावंताच्या निधनानंतर त्याचे गुणगान करणे सोपे असते. तो हयात असताना त्याला सुखाने काम करू देणे मात्र समाजाला अनेकदा जमत नाही. जॅझ संगीतातील युगप्रवर्तक अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याचे चरित्र या विसंगतीची साक्ष देते.

२९ ऑगस्ट १९२० रोजी कॅन्ससमध्ये एका कृष्णवर्णीय कुटुंबात पार्करचा जन्म झाला. पोरवयात एका मैफलीत त्याचे वादन फसले, तेव्हा तालवादकाने झांज त्याच्या पायाशी फेकून त्याला थांबवले. त्या अपमानाने तो खचला नाही. त्याने वाद्यावर अविश्रांत मेहनत घेतली. १९३६ मधील मोटार अपघातानंतर मात्र वेदनाशामक औषधांमागून अमली पदार्थांचे व्यसन जडले आणि ते अखेरपर्यंत सुटले नाही.

१९४० नंतरच्या दशकात डिझी गिलेस्पी याच्यासह पार्करने ‘बीबॉप’ ही शैली घडवली. नृत्याची साथ करणारे जॅझ आता एकाग्रतेने ऐकण्याची कला बनले. प्रचलित गाण्याचा स्वरसंगतींचा सांगाडा कायम ठेवून त्यावर सर्वस्वी नवी धून रचण्यात त्याचा हातखंडा होता. १९४५ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली ‘को-को’ ही रचना अशीच, ‘चेरोकी’ या गाण्यावर उभी आहे. कायद्याचे संरक्षण मूळ धुनेला असे, सांगाड्याला नसे. त्यामुळे कंपन्यांचे मानधन वाचे. पार्करच्या पदरी मात्र थोडेच पडले. काही मानधनाचा अर्धा वाटा तर त्याने व्यसनापायी अमली पदार्थ विकणाऱ्याच्या नावे करून दिला.

डिसेंबर १९४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्या ‘बर्ड’ या टोपणनावावरून ‘बर्डलँड’ हा क्लब उघडला. मद्य मिळणाऱ्या क्लबांत वाजवण्यासाठी त्या शहरात पोलिसांचा परवाना लागे. १९५१ मध्ये पार्करचा परवाना काढून घेण्यात आला. ज्या शहरातील क्लबला त्याचे नाव होते, तेथेच त्याच्या उपजीविकेचे दार बंद झाले. पुढे परवाना परत मिळाला, पण प्रकृती खालावलेलीच राहिली. १२ मार्च १९५५ रोजी तो निवर्तला, तेव्हा डॉक्टरने त्याचे वय पन्नासपलीकडचे मानले. वस्तुतः ते अवघे ३४ होते.

निधनानंतर न्यूयॉर्कच्या भिंतींवर बर्ड जिवंत असल्याची ग्वाही देणारी अक्षरे उमटली. डीन बेनेडेट्टी या निस्सीम चाहत्याने तर १९४७-४८ मध्येच क्लबांत यंत्र नेऊन पार्करचे वादन टिपले होते. इतरांची पाळी येताच तो यंत्र बंद करी. ही ध्वनिमुद्रणे १९९० मध्ये प्रसिद्ध झाली आणि एरवी हवेत विरून गेले असते असे संगीत जगाला लाभले.

चाहत्यांनी आपले ऋण असे फेडले. व्यवस्थेला मात्र विलंब झाला. परवान्याची ती पद्धत १९६७ मध्ये रद्द झाली, तेव्हा पार्करला जाऊन बारा वर्षे लोटली होती. मरणोत्तर गौरवाने कलेची स्मृती जपली जाते. कलावंत जगायचा असेल, तर त्याच्या कामाचा मोबदला आणि काम करण्याचा हक्क त्याच्या हयातीतच मिळावा लागतो.