डोळ्यांमागे काय घडते? : इब्न अल-हैसम यांचे चरित्र

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही लाल फूल पाहता. तो लाल रंग तुम्हाला डोळ्यांत कळतो की मेंदूत? या प्रश्नाचा माग सुमारे हजार वर्षांपूर्वी एका अरब विद्वानाने काढला.

अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम यांचा जन्म इ. स. ९६५ च्या सुमारास इराकमधील बसरा येथे झाला. नाईल नदीचे पाणी आवरता येईल, हे त्यांचे म्हणणे ऐकून खलिफा अल-हाकिमने त्यांना इजिप्तला बोलावले. नदी प्रत्यक्ष पाहिल्यावर हे काम होण्यासारखे नाही, हे त्यांनी ओळखले. खलिफाचा कोप टाळण्यासाठी त्यांनी वेडाचे सोंग घेतले व १०२१ मध्ये त्याची कारकीर्द संपेपर्यंत ते नजरकैदेत राहिले, असे जुने चरित्रकार सांगतात. पुढे ग्रंथांच्या नकला करून ते पोट भरीत.

अशा जीवनात त्यांनी 'किताब अल-मनाझिर' हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यांतून किरण बाहेर जातात, असे युक्लिड व टॉलेमी मानीत. सूर्याकडे पाहिले की डोळा दुखतो, मग प्रकाशच बाहेरून डोळ्यात येत असला पाहिजे, असे यांनी दाखवले. अनेक रंगांचा भोवरा फिरवला की एकच मिश्र रंग दिसतो. म्हणून रंग कळायला थोडा वेळ लागतो, हेही त्यांनी सांगितले. पाहण्याचे काम मेंदूच्या पुढच्या भागात पूर्ण होते, असे त्यांचे मत होते.

आज आपल्याला माहीत आहे की, डोळ्याच्या पडद्यावरील तीन प्रकारच्या शंकुपेशींचे संदेश मेंदूच्या मागच्या भागात पोचतात. १९७३ मध्ये सेमिर झेकी यांनी माकडांच्या मेंदूत रंगांना विशेष प्रतिसाद देणाऱ्या पेशींचा भाग दाखवला. दिव्याच्या पिवळसर उजेडातही कागद तुम्हाला पांढराच दिसतो, तो मेंदूच्या या हिशेबामुळे. इब्न अल-हैसम यांची जागा चुकली, दिशा चुकली नाही.

१०४० च्या सुमारास कैरो येथे त्यांचे निधन झाले. थोरांचे लेखनही तपासून घ्यावे आणि स्वतःच्या मतावरही शंका घ्यावी, ही त्यांची शिकवण होती. पालकहो, आपले मूल 'असे का?' म्हणून विचारील, तेव्हा त्याला गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल, तर त्याच्यासोबत शोधायला बसा.